मेहुण्याचा उजवा कान

मेहुण्याला रहाडीत ढकललं ते मी. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरात, दवाखान्यात, रिक्षात, जिथे म्हणून ऐकणारा भेटला तिथे मी हे सांगितलेलं आहे आणि अजून एकानेही ते मनावर घेतलेलं नाही. बायको म्हणते, "तुम्हाला कबुली द्यायला आवडतं. न केलेल्या गोष्टीचीसुद्धा." यात तथ्य आहे. लिफ्ट बंद पडली तरी मला वाटतं, आपणच बटण जरा जोरात दाबलं असेल.

रहाड म्हणजे रंगाचा हौद. वर्षभर तो रस्त्याच्या पोटात झाकलेला असतो. वर लाकडं, त्यावर माती आणि त्यावरून आमच्या पंचवटीतल्या रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या हातगाड्या बिनधास्त जातात. रंगपंचमी जवळ आली की तो उघडतात, पूजा करतात, मोठ्या कढईत उकळलेला रंग त्यात ओततात आणि मग आजूबाजूचे सगळे बाप्ये काठावरून आत उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा जितका जोरकस तितकं काठावरचं पब्लिक जास्त भिजतं आणि तितकी मोठी आरोळी उठते. एकदा रहाडीत बुडून निघालं की उन्हाळा बाधत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी लहानपणापासून बुडतो आहे आणि दर मे महिन्यात मला घामोळं येतं, पण समजूत कायम आहे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तिचं माहेर चांदवडच्या बाजूला. हा नोकरीला मनमाडला, मालगाडीवर लोको पायलट. सुट्टी जमली की रंगपंचमीला आमच्याकडे येतो आणि काठावरून असा धप्पा मारतो की रहाड निम्मी रिकामी व्हावी. यंदा मात्र तो काठावर नुसताच उभा होता. अंगठा कानाशी नेत होता, परत खाली घेत होता.

"काय मेहुणे, इंजिनात बसून पाण्याची भीती वाटायला लागली का?" मी म्हणालो.

"जरा थांबा, दाजी."

थांबा म्हणाला होता. मी थांबलो नाही. पाठीवर दोन्ही हात टेकवले आणि दिला ढकलून. धप्पा झकास झाला. तो वर आला तेव्हा नखशिखान्त गुलाबी होता, हसत होता आणि तळहाताने उजवा कान थोपटत होता.

"कानात पाणी गेलं, दाजी."

"निघेल," मी म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात कारकून आहे. पाणी कुठे अडतं, का अडतं आणि ते कसं मोकळं करायचं, या विषयात घरात माझा शब्द शेवटचा असतो. शिवाय रंगपंचमीनंतर आमच्या बोळात निम्मे लोक मान तिरकी करून चालतात. कोणी कान झटकताना दिसला तर समोरचा विचारतो, "कितीदा मारलास धप्पा?" आणि दोघं हसतात. त्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. गेला तर लोक त्यालाच हसतील.

तेव्हा मी मेहुण्याला हातात घेतलं. त्याला बोळात एका पायावर उड्या मारायला लावल्या. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कान शेकला. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. समोरच्या काकूंनी वरूनच सांगितलं, "लसणीचं तेल घाला हो, कोमट." तेही घातलं. उजव्या कुशीवर झोपवलं. सकाळी विचारलं, "निघालं का?"

"नाय अजून. आत शिट्टी वाजतीय."

"रेल्वेवाला आहेस. शिट्टीच वाजणार."

हा विनोद मी केला. आज तो आठवला की माझं मलाच कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मेहुण्याने रजा वाढवली. खरं म्हणजे तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कानातल्या पाण्यासाठी कोणता रेल्वेवाला रजा खर्च करतो? पण मला तर बरंच वाटलं, पत्ते खेळायला जोडीदार मिळाला. डाव मांडताना तो दरवेळी खिडकीच्या कोपऱ्यात बसायचा, उजवी बाजू भिंतीला लावून. मी म्हणायचो, "वारा चांगला येतो तिथे, हुशार आहेस."

लक्षात आलं ते बायकोच्या. जेवताना ती वाढत होती. मेहुण्याच्या उजवीकडे वाकून हळूच म्हणाली, "शेवभाजीचा रस्सा अजून वाढू?" तो भाकरी चुरत राहिला. ती परत म्हणाली. तो चुरतच राहिला. हा माणूस शेवभाजीला आजवर नाही म्हणालेला नाही. त्याला विचारलेलं ऐकू आलं नाही असं तर कधीच झालेलं नाही. बायकोने पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे पाणी नाही."

"पाणीच आहे. खोलवर गेलंय."

"तुमची पाइपलाइन नाही ती. उठा. आत्ता."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मेहुण्याच्या कानात बघितलं आणि विचारलं, "हे तेल कोणी घातलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"लसूणपण आहे का?"

"कोमट करून घातलं होतं," मी म्हणालो. "आणि डॉक्टर, रहाडीत ढकललं तेही मीच."

"काका, तुम्ही तिथे बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो. काका म्हणाल्याचं नंतर लागलं.

कान पुसून त्यांनी परत बघितलं. आत पाणी नव्हतं. मळही नव्हता. पडदा स्वच्छ होता, चकचकीत. मग त्यांनी एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला आणि थरथरता तसाच मेहुण्याच्या कपाळावर मधोमध टेकवला. "कुठल्या कानात वाजतंय?"

"डाव्या."

त्यांनी मान हलवली. मला समजावं म्हणून वळून सांगितलं, की उजव्या कानात पाणी किंवा मळ अडकला असता तर हा आवाज उजव्याच कानात मोठा आला असता. तो चांगल्या कानाकडे गेला म्हणजे अडचण बाहेर नाही, आत आहे. जिथे आवाजाची वीज होते आणि मेंदूकडे जाते, तिथे. घरी नुसतं तोंड मिटून 'हुं' केलं असतं तरी थोडा अंदाज आला असता. मी त्या खोलीत बसल्याबसल्या तोंड मिटून 'हुं' करून बघितलं. दोन्हीकडे सारखं वाजलं. मला स्वतःची लाज वाटली.

मग काचेच्या खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर डाव्या कानाची रेघ वरून सरळ गेली होती. उजव्या कानाची जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली आली होती.

"अचानक असा कान गेला की त्याच दिवशी यायचं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "औषध जितकं लवकर, तितका कान परत यायची आशा जास्त. तुम्ही उशीर केलात. अजून वेळ अगदी गेलेली नाही, गोळ्या आजच सुरू करू. गरज पडली तर पडद्यातून आत इंजेक्शनही देऊ. आणि एमआरआय काढून घ्या. आतल्या कानाकडे जाणाऱ्या नसेवर गाठ नाही ना, आत रक्त सांडलेलं नाही ना, रक्तवाहिन्या कशा आहेत, हे बघायला हवं."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती रागावली की बघते. बघत नसली म्हणजे प्रकरण रागाच्या पुढे गेलेलं असतं.

परतीच्या रिक्षात मला एकाच शब्दाने धरलं होतं. रक्तवाहिन्या. मी मनात ठरवून टाकलं की त्यातच काहीतरी निघणार. एखादी वाहिनी जन्मापासून वाकडी असणार, कधी ना कधी हे व्हायचंच होतं, मी निमित्त. फोटोत दोषी सापडेल आणि मी सुटेन. मेहुण्याचा कान बरा व्हावा असं मला वाटत होतंच, मनापासून वाटत होतं. पण त्याच्याबरोबर हेही वाटत होतं, हे इथे लिहिलं नाही तर सगळं लिहून उपयोग नाही.

एमआरआयच्या ठिकाणी आम्ही दोघंच गेलो. तिथला तंत्रज्ञ सांगेल तसं मेहुण्याने घड्याळ, बेल्ट, तांब्याची अंगठी काढली. कमरेचा करदोटा काढायला मात्र तयार नव्हता. "आईनं बांधलाय."

"त्याला चांदीचा मणी आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "आत धातू चालत नाही. आईंना मी फोन लावून देतो, तुम्ही परवानगी काढा."

करदोटा निघाला. माझ्या खिशात आला. मग त्याने मेहुण्याच्या कानामागे बोट लावून बघितलं. गुलाबी. "हा काय प्रकार?"

"रहाड," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"असं होय. धुऊन जात नाही लवकर." तो नाशिकचाच होता. "बरं, कान कधीपासून बंद आहे?"

"रंगपंचमीच्या दुपारपासून," मी सांगितलं. "मी ढकललं ना याला."

"नाय," मेहुणा म्हणाला.

"काय नाही?"

"सकाळपासून. झोपेतून उठलो तवाच बंद होता. जरा गरगरतही होतं. रहाडीकडं नंतर गेलो आपण."

"एक काय ते सांगा," तंत्रज्ञ म्हणाला.

"सकाळपासून," मेहुणा म्हणाला, माझ्याकडे न बघता, आणि आत गेला.

मी बाहेर बाकावर बसलो. दाराआड मशीन सुरू झालं. कोणीतरी रिकाम्या पिंपावर हातोडा मारतंय, मग थांबतंय, मग वेगळ्या पिंपावर मारतंय, असा आवाज. त्या ठोक्यांच्या तालावर मी आधी आनंदलो. मी नव्हतो! मग चिडलो. म्हणजे इतके दिवस मी तव्यावर मीठ भाजत होतो, रात्री उठून त्याची उशी उलटी करत होतो आणि याला सगळं ठाऊक होतं? आणि शेवटी, खरं सांगायचं तर, मला जरा रिकामं वाटलं. इतके दिवस जपलेला अपराध कोणी अचानक हातातून काढून घेतला होता. मात्र उशीर माझाच होता, हे लक्षात आलं तेव्हा हात पुन्हा भरले.

फोटो आले ते डॉक्टरांनी त्यांच्या संगणकावर लावले. मला वाटलं होतं ठळक लाल-निळं काही दिसेल. सगळं करडं होतं. त्यात त्यांनी आतला कान दाखवला, वाटाण्याएवढा, शंखासारखी वेटोळी घातलेला. त्याच्याकडे जाणारी नस पांढऱ्यात बारीक दोऱ्यासारखी. आणि त्या दोऱ्याला टेकून एक काळी रेघ गेली होती. ती केसाच्या आकड्यासारखी वळून मागे फिरली होती.

मी खुर्चीतून उठलोच. "हीच! डॉक्टर, ही रक्तवाहिनी नसेला दाबतेय बघा! जन्मापासून असणार."

"ती रक्तवाहिनीच आहे, बरोबर. तिचं असं वळण घेतलेलं बऱ्याच जणांत दिसतं. आता ही डावी बाजू बघा."

डाव्या बाजूलाही तशीच काळी रेघ होती. तसाच आकडा. तसाच नसेला टेकलेला.

"डावा कान कसा आहे तुमचा?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"एक नंबर."

"मग उजवीकडे दोष त्या रेघेला कसा द्यायचा? बाकी गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज दिसत नाही. फोटो चांगला आहे."

ही आनंदाची बातमी होती. माझा चेहरा तसा दिसला नसावा, कारण त्यांनी मला विचारलं, "काय झालं, काका?"

"मग अडलं ते कुठे?"

"ते या फोटोत दिसत नाही. आतल्या कानाला रक्त नेणारी शेवटची धमनी केसासारखी बारीक असते, ती इथे पकडता येत नाही. तुम्ही राहता कुठे?"

"पंचवटीत. बोळात."

"बोळाला दुसरं तोंड आहे?"

"नाही."

"तोंडाशी टेम्पो अडकला तर?"

"मग आतल्या सगळ्यांचं दूध, गॅस, सगळं बाहेरच."

"तसंच आहे. आतल्या कानाची ती एकच वाट. ती बंद पडली तर मागून कोणी पोचू शकत नाही. पण मी असं म्हणत नाहीये की टेम्पो अडकलाच होता. कदाचित अडकला असेल, कदाचित एखाद्या विषाणूने सूज आणली असेल. पुष्कळदा कारण कळत नाही. आम्ही फोटो काढतो तो मोठं संकट नाही ना, हे बघायला. दोषी शोधायला नाही."

हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मी मेहुण्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो, मुद्दाम.

"सकाळीच सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" तो हसला. "तुम्हाला सांगितलं की तुम्ही ताईला सांगणार. ताई आईला. आई गावाला. आन् गाव ते मनमाड लय लांब नाय, दाजी."

"मग?"

"मग काय. आमची मेडिकल असती. डोळे, कान सगळं बघत्यात. कान गेला म्हणलं की इंजिनावरून खाली. काठावर उभा राहून तोच इचार करत होतो, आता काय सांगायचं लोकांना. तेवढ्यात तुम्ही ढकललं. म्हणलं, बरं झालं. कानात पाणी गेलं, इषय संपला."

"आणि मी तेल घालत होतो."

"घालू दिलं ना मी. मलापण वाटलं, न जाणो, निघंल काहीतरी."

त्याने चहा संपवला. मग सरळच म्हणाला, "रजा संपली की ड्युटीवर जातो. गोळ्या चालू हायेत. एक कान शाबूत हाय. गाडी रुळावरनं जाती, कानावरनं नाय जात."

"आणि तिथे सांगणार नाहीस?"

"सांगून काय करू? खाली उतरवतील, कुठंतरी टेबलावर बसवतील. कागदं हलवत बसू का मी?"

"मी कागदंच हलवतो," मी म्हणालो.

"तुमचं येगळं, दाजी. तुम्हाला सवय हाय." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताईला सांगू नका तेवढं."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला पुरतं ठाऊक आहे. तो जसा आला होता तसाच ड्युटीवर गेला असता, तर काही घडलंच नव्हतं असं मलाही म्हणता आलं असतं. उड्या, तेल, ड्रायर, सगळं पुसून गेलं असतं. त्याच्या मागे डब्यांची लांबलचक रांग असते, वाटेत फाटकं असतात, फाटकांशी माणसं थांबलेली असतात, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघितलं नाही, एवढंच.

घरी आल्यावर चपला काढेपर्यंत बायकोने ओळखलं. "काय लपवताय?"

"कुठे काय?"

"तुम्ही स्वतःहून पाणी प्यायला गेलात. एरवी मला मागता. बोला."

मी बोललो. सगळं. सकाळपासूनचं, रजा संपल्यावरचं, वचन दिल्याचंसुद्धा. मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला, "याच्यापेक्षा स्टेशनवरच्या भोंग्यावर सांगितलं असतं तर कमी लोकांना कळलं असतं."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. बायको स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर घेऊन बाहेर आली. तो बैठकीतल्या प्लगला लावला. भांड्यात शेंगदाणे टाकले. रागावली की ती माहेरचं बोलते. तसंच बोलली.

"जा ड्युटीवर. कोन अडवतंय? पन आधी मला गाडी चालवून दाव. बस तिथं, डाव्या टोकाला. तुझी जागा तीच ना?"

इंजिनातली रीत आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मेहुण्यानेच आमच्या मुलीला तिच्या लहानपणी हा खेळ शिकवला होता. डावीकडे लोको पायलट बसतो, उजवीकडे त्याचा असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं, "हिरवा!" आणि दुसऱ्याने लगेच परत म्हणायचं, "हिरवा!" एकाचं लक्ष चुकलं तर दुसरा सावध व्हावा म्हणून. रूळ उजवीकडे वळत असले तर सिग्नल आधी असिस्टंटलाच दिसतो. लोको पायलटला तो कळतो फक्त कानाने. उजव्या कानाने.

मेहुणा हसत सोफ्याच्या डाव्या टोकाला बसला. मांडीवर उशी घेतली, तिच्या टोकाला हँडल समजून धरलं. "ताई, गाडी किती डब्यांची?"

"गप बस. समोर बघ. अहो, तुम्ही असिस्टंट. तिकडं बसा."

मी उजवीकडे बसलो. बायकोने मिक्सर चालू केला.

"हिरवा!" मी ओरडलो.

"हिरवा!" तो ओरडला आणि हसला.

"पिवळा!"

"पिवळा! दाजी, आवाज चांगला हाय तुमचा, भरती व्हा."

बायकोने त्याच्या मागून मला खूण केली. हात खाली. हळू. मला समजलं. दिवसभराच्या गाडीवर कोणी असं जीव खाऊन ओरडत नाही. माणूस थकतो, घसा बसतो, बोलल्यासारखं बोलतो. मी समोर बघून, बोलल्यासारखं म्हणालो, "लाल."

तो समोर बघत होता. चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं. उशीवरचा हात हलला नाही.

"लाल," मी परत म्हणालो. शेंगदाणे भांड्यात खडखडत होते. त्यांचं कूट झालं, आवाज बदलला, तरी तो तसाच समोर बघत होता, पुढच्या हाकेची वाट बघत. तिसऱ्यांदा माझ्याने म्हणवेना.

बायकोने मिक्सर बंद केला.

"का बंद केला?" मेहुणा म्हणाला. "दाजी काय बोललेच नाय अजून."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बहिणीकडे. मला खोटं बोलता येत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने मला काही विचारलं नाही.

"काय होता?" त्याने बहिणीला विचारलं.

"लाल," ती म्हणाली. "दोनदा."

उशी त्याने हळूच बाजूला ठेवली. बायको आत जाऊन चहा ठेवून आली, मग त्याच्या डावीकडे टेकली आणि कूट झालेल्या भांड्याकडे बघत म्हणाली, "आता कुटाचं काय करू? लाडू करू?"

"कर," तो म्हणाला. मग उठला, दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने फोन लावला. लॉबीत लावला. लॉबी म्हणजे मनमाडची ती खोली, जिथे गाडीवर जायच्या आधी सगळे ड्रायव्हर हजेरी लावतात. पलीकडच्या माणसाला त्याने सांगितलं की ड्युटी देऊ नका, मी सिकमध्ये जातोय. आजारी म्हणून नोंद करणं, त्यांच्या भाषेत. कान, तो म्हणाला. उजवा. नाय, पाणी नाय. रंगपंचमीच्या सकाळपासून.

मग रेल्वेचा दवाखाना झाला. तिथेही त्याने सकाळपासूनच सांगितलं. गोळ्या झाल्या, पडद्यातून इंजेक्शनं झाली. कान थोडा परत आला आहे. खालचे जाड आवाज आले, वरचे बारीक अजून नाहीत. बहिणीची हाक ऐकू येते, कुकरची शिट्टी डाव्याच कानाने. डॉक्टर म्हणाल्या, आधी आला असतात तर जास्त मिळालं असतं का, हे आता कोणी सांगू शकत नाही. मला मात्र रोज कोणीतरी सांगतं, आतून. त्याची मी कबुली द्यायला गेलो की मेहुणा म्हणतो, "दाजी, दोष तुमचा अर्धा. अर्धा माझा. मागच्या वेळी पूर्ण घेऊन बसला होता."

इंजिनावर परत घ्यायचं की नाही, ते पुढच्या तपासणीत ठरायचं आहे. तोवर त्याला लॉबीतच बसवलंय. टेबल आहे, कागदंही आहेत. मधे मी मनमाडला गेलो तेव्हा बघितलं. ड्रायव्हर सही करायला वाकले की हा उठून त्यांच्या मागून फिरतो. आधी एका कानाशी, मग दुसऱ्या कानाशी, अगदी हळू आवाजात विचारतो, "झोप झाली का?" कोणी हो म्हणतं, कोणी चिडतं. एक जण काहीच बोलला नाही तर याने त्याला डॉक्टरकडे पाठवायची तयारी चालवली. शेवटी तो ओरडला, "ऐकू येतंय रे! बायकोशी भांडून आलोय, बोलायची इच्छा नाय!"

मेहुण्याने त्याची सही घेतली आणि पुढच्या माणसाच्या मागे गेला.